खांब विकत घेणाऱ्यांना

लाकडाचे घर म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती थंड देशांतली, ओंडक्यावर ओंडका रचलेली घरे. चोर्ला घाट चढून गेल्यावर, खानापूर-बेळगावपासून थेट निपाणीपर्यंत, लाकडाची रीत वेगळी. भिंती मातीच्या किंवा दगडाच्या; छपराचे ओझे वाहतात ते खांब आणि तुळया. जुन्या वाड्याची एखादी भिंत पावसात बसली तरी छप्पर उभे राहते ते यामुळेच.

हे खांब आता गोव्यात येऊ लागलेत. नव्या बंगल्याच्या सोप्यावर, हॉटेलच्या दारात. स्लॅब पेलतात सिमेंटचे कॉलम, आणि हा बिचारा नुसता शोभेला! मालक अभिमानाने सांगतो, "बेळगावकडचा आहे, शंभर वर्षांचा." मला काही त्याचे कौतुक वाटत नाही. खांब काढायचा तर वरची तुळई, माळा, वासे, कौले सगळे उतरवावे लागते. आपण विकत घेतो ते मोडलेले घर.

विकणारा म्हणतो, वाळवी लागली, परवडत नाही. पण सागाच्या गाभ्याला वाळवी सहजी तोंड लावत नाही. ती शिरते ओल धरते तिथे. म्हणून तर जुन्या सुतारांनी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केला. आपण काय केले? सोप्यावर नवी फरशी चढवली, तळखडा सिमेंटमध्ये गाडला, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. ओल आत कोंडली. कौले चाळणेही थांबले, कारण भाऊ तीन, एक पुण्याला, एक गोव्यात, आणि गड्यांची मजुरी कुणी द्यायची ते ठरत नाही. कौल सरकले की पाणी वाशावरून तुळईच्या टोकाशी जाते. ते टोक भिंतीत असते, कुजलेले दिसतही नाही.

बुडाशी कुजला म्हणून अख्खा खांब टाकावा लागत नाही. तुळईला टेकू द्यायचा, कुजका हात-दीड हात कापायचा, तिथे पक्क्या लाकडाचा तुकडा खाच मारून सांधायचा किंवा तळखडाच उंच करायचा. वाशांना काजूच्या टरफलांचे काळे तेल. वास येतो थोडे दिवस, येऊ दे.

गोव्यातल्या भावाने आपल्या वाट्याचा खांब मागण्याऐवजी कौले चाळायचे पैसे पाठवावेत. आणि मार्चमध्येच पाठवावेत. बेळगावकडे वळीव एप्रिलपासूनच गाठतो.