नोकरी गेली, जात नाही गेली

"नोकरी गेली तर काय झालं, लाईन बदल." हा सल्ला सध्या मालाडमध्ये फुकट मिळतो. देणारे बहुतेक आपलेच असतात, जयंतीच्या मंचावरून माईक धरून बोलणारे. माइंडस्पेसच्या काचेच्या इमारतींतून कमी केलेली आपली मुलं कुरार, आप्पापाडा, मालवणीच्या गल्ल्यांत परत येतात, तेव्हा त्यांना पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच. दुसरं असतं, "तूच कमी पडलास." जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. ती सगळी एकदम नालायक झाली काय?

आमचा प्रश्न एवढाच आहे की लाईन बदलायची कुणाच्या जिवावर? पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातल्या मुलाची नोकरी जाते तेव्हा मामाची फर्म असते, काकांच्या ओळखी असतात, दुसऱ्या फ्लॅटचं भाडं येत असतं. आपल्याकडे घरातला पहिला पगारदार तोच असतो. सहा महिन्यांचा कोर्स करायचा तर सहा महिने घरची चूल कोण पेटवणार? हे भाषणात कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांनीही लाईन बदलून पाहिली होती. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटलं. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही गत! पुढे १९३६ च्या 'जातिसंहारा'त त्यांनी मांडलं की उद्योग बदलतात तसा माणसाला धंदा बदलता आला पाहिजे, जात तो बदलू देत नाही, आणि म्हणून बेकारीचं एक थेट कारण जात आहे. लाईन बदलण्याचा उपदेश करणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

आता जात कुठे राहिली, असं विचारणारे भेटतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. हा अभ्यास २००७ साली छापून आला. नवी लाईन म्हणजे पुन्हा त्याच दारात उभं राहणं.

आणि कायदा? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकायला मिळतो १५ दिवसांचा पगार. पंधरा दिवसांत माणूस नवा धंदा शिकतो, असं दिल्लीत बसलेल्यांना वाटतं. त्यातही देखरेखीचं काम आणि १८ हजारांवर पगार असला की तुम्ही 'कामगार'च नाही. ईएसआयचा बेकारभत्ता २१ हजारांवर पगार असेल तर नाही. म्हणजे टीम लीडर म्हणून मिरवलं ते कशासाठी? हक्कातून बाहेर पडण्यासाठी!

'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' हे घोषवाक्य आम्हाला म्हणूनच पटत नाही. धंदा करणाऱ्याने जरूर करावा. पण खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी गुंडाळून ठेवायला ते वापरू नका.

तरुणांनो, एचआर गोड बोलून राजीनामा लिहून मागेल. देऊ नका. स्वतःहून सोडली असं कागदावर आलं की कपातीची भरपाई बुडते. हुद्दा काहीही असो, प्रत्यक्ष काम काय होतं यावर कामगार ठरतो, हे भांडून मिळवता येतं. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात कागद तपासायला बसतो. येताना ऑफर लेटर, शेवटच्या तीन पगारस्लिपा आणि राजीनामा मागितलेला मेल घेऊन या.

जयभीम.