‘स्टार वॉर्स’ : भारी कोणता, भंगार कोणता?

मेसच्या भाजीबद्दल आमच्या हॉस्टेलमध्ये पूर्ण एकमत आहे. ‘स्टार वॉर्स’बद्दल मात्र दोन माणसांचंसुद्धा नाही. सबमिशनची रात्र असो की व्हायवाची, कुणीतरी ‘एम्पायर’ म्हणतं, कुणीतरी ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ म्हणतं, आणि मग पहाटे तीनपर्यंत कुणी झोपत नाही. या वादात माझंही एक मत आहे. मासिकात मध्येच कुणी तोडत नाही, या सोयीचा फायदा घेऊन ते एकदाचं पूर्ण मांडतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हिशेब. मुख्य सिनेमे नऊ. १९७७, १९८० आणि १९८३ साली आले ते भाग ४, ५, ६. मग १९९९, २००२ आणि २००५ साली भाग १, २, ३. आणि २०१५, २०१७, २०१९ साली ७, ८, ९. म्हणजे ही गोष्ट आपल्या डिप्लोमावाल्यांसारखी डायरेक्ट सेकंड इयरला आली आणि फर्स्ट इयर मागाहून केलं! (१९७७ साली पडद्यावर नुसतं ‘स्टार वॉर्स’ होतं, ‘भाग चौथा’ ही पाटी १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात लागली.) ‘रोग वन’ आणि ‘सोलो’ हे बाजूचे सिनेमे इथे धरत नाही.

आता नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. सर्वांत भारी भाग ५, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. सर्वांत भंगार भाग १, ‘द फँटम मेनेस’. यातलं पहिलं अर्धं मला मान्य. दुसरं अर्धं अजिबात नाही.

‘एम्पायर’ भारी का? लोक म्हणतात, त्यातला बाप-मुलाचा धक्का. धक्का आहेच. चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउजला वेगळंच वाक्य दिलं होतं. खरं काय ते मार्क हॅमिलला शॉटच्या जरा आधी सांगितलं आणि नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात खरं वाक्य बसवलं. पण धक्का एकदाच बसतो. आमच्या पिढीला तर सिनेमा बघायच्या आधीच बाप कोण ते ठाऊक असतं! तरीही सिनेमा धरून ठेवतो, कारण त्यात हिरो हरतो. ल्यूक ट्रेनिंग अर्धवट टाकून पळतो आणि त्याची किंमत एका हातानं चुकवतो. (योडाचं लेक्चर बंक करण्याचे परिणाम. इथे निदान डिटेन्शनवर भागतं.)

माझ्या मते खरं कारण पडद्यामागे आहे. जॉर्ज लुकसनं गोष्ट दिली, पण दिग्दर्शन अर्विन कर्शनरकडे सोपवलं आणि पटकथा ली ब्रॅकेट व लॉरेन्स कॅसडन यांच्याकडे. लेया प्रेमाची कबुली देते तेव्हा हॅन सोलो जे छोटंसं, आगाऊ उत्तर देतो, ते पटकथेत नव्हतंच. कर्शनर आणि हॅरिसन फोर्डनं ते सेटवर शोधलं. १९७७ चंही तसंच. लुकसनं कच्ची प्रत मित्रांना दाखवली तेव्हा ब्रायन डी पामानं तिची भरपूर खिल्ली उडवली. पण सुरुवातीला पडद्यावर वर सरकत जाणारा मजकूर नीट लिहायला त्यानंच मदत केली. संकलनाचं ऑस्कर मार्शा लुकस, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू या तिघांना मिळालं. थोडक्यात काय, तर ‘हे जमलेलं नाही’ असं तोंडावर सांगणारी माणसं खोलीत होती.

१९९९ पर्यंत ती खोली रिकामी झाली होती. ‘फँटम मेनेस’साठी लुकसनं आपल्यासह इतर दिग्दर्शकांना विचारलं होतं, असं रॉन हॉवर्डनं २०१५ साली सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच, तूच कर! झालं. लेखन एकट्याचं, दिग्दर्शन एकट्याचं, पैसाही स्वतःचा. ज्या प्रोजेक्टला गाइड नाही, रिव्ह्यू नाही आणि पार्टनरही नाही, त्याचं काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

लोकांची अपेक्षा तर विचारू नका. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत नुसता ट्रेलर बघायला लोकांनी ‘मीट जो ब्लॅक’ची तिकिटं काढली आणि ट्रेलर संपल्यावर उठून गेले. मग प्रत्यक्ष सिनेमा सुरू झाला तो व्यापार आणि करआकारणीच्या तंट्यानं! जी फोर्स इतकी गूढ होती, ती इथे रक्ततपासणीत मोजता येऊ लागली. पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट आला, मुलगा जेडाय आहे! हे सगळं मला मान्य. काही फॅन तर इतके वैतागले की त्यांनी जार जार बिंक्सला कात्री लावून स्वतःच नवं संकलन केलं आणि ते ‘फँटम एडिट’ नावानं हातोहात फिरलं.

पण मित्रहो, याच सिनेमात पॉडरेस आहे, दुधारी लाइटसेबरवाला डार्थ मॉल आहे आणि त्या द्वंद्वामागे जॉन विल्यम्सचं अंगावर काटा आणणारं संगीत आहे. पूर्णपणे कॉम्प्युटरवर घडवलेलं पात्र सिनेमाभर माणसांसोबत वावरलं, ते याच सिनेमात. २००२ चा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ तर फिल्मऐवजी डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला. त्यातल्या प्रेमाच्या संवादांबद्दल मी काही बोलणार नाही. वाळू या विषयावर प्रेमालाप करणारा दुसरा नायक निदान माझ्या पाहण्यात नाही! पण एका लोकशाहीत टाळ्यांच्या गजरात हुकूमशहा कसा येतो, हे लहान मुलांच्या सिनेमात सांगायचं धाडस या तीन सिनेमांत आहे. प्रयोग फसला असेल, पण रीडिंग स्वतःचं आहे.

म्हणून माझ्या यादीत सर्वांत खाली भाग १ नाही. सर्वांत खाली भाग ९, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’.

कारण सांगतो. २०१२ मध्ये डिस्नेनं सुमारे चार अब्ज डॉलर्सना लुकसफिल्म विकत घेतली. २०१५ चा ‘द फोर्स अवेकन्स’ जे. जे. एब्रम्सनं केला. वाळवंटातलं पोरकं पात्र, गुपित घेऊन पळणारा ड्रॉइड, ग्रह उडवणारं शस्त्र... सगळं १९७७ वरून छापलेलं. छापलेलं, पण स्वच्छ अक्षरात, म्हणून पास. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये रायन जॉन्सननं मात्र स्वतःचं उत्तर लिहिलं. रे कुणा मोठ्याची मुलगी नाही, तिचे आईबाप साधे, कवडीमोल माणसं होती. ज्याच्या घरात कुणी जेडाय नाही त्याच्याही हातात फोर्स येऊ शकते! मला ही या मालिकेतली सर्वांत मोठी कल्पना वाटते. घरातला पहिला इंजिनिअर होणाऱ्या पोराला ती का भिडते, हे वेगळं सांगायला हवं का?

फॅन लोकांनी त्यावर राडा केला. आणि २०१९ मध्ये परत आलेल्या एब्रम्सनं उत्तर खोडून टाकलं. रे म्हणे सम्राट पॅल्पटीनची नात. जो पॅल्पटीन १९८३ मध्ये मेला होता, तो परत कसा आला? कसाबसा आला! सिनेमातलं स्पष्टीकरण जवळजवळ एवढंच आहे. आधीच्या सिनेमात महत्त्वाची असलेली रोझ टिको १४२ मिनिटांच्या या सिनेमात दोन मिनिटंही दिसत नाही. मला तरी हा सिनेमा माफीनाम्यासारखा वाटतो. उत्तर आधी ठरवून मागून रीडिंग ॲडजस्ट केलेलं जर्नल असतं ना, अगदी तसा. लुकसचा दोष हा की त्याला अडवणारं कुणी नव्हतं. इथला दोष हा की कुणीही ओरडलं की स्टिअरिंग वळत होतं. टीका ऐकणं वेगळं आणि आरड्याओरड्याला घाबरणं वेगळं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता या आरड्याओरड्याबद्दलच बोलायचंय, कारण हा वाद दर वेळी गमतीपुरता राहिलेला नाही. जार जार साकारणाऱ्या अहमद बेस्टनं २०१८ मध्ये सांगितलं की त्या वेळच्या टीकेमुळे आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत गेलो होतो. छोटा अनाकिन झालेला जेक लॉइड सिनेमा आला तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेत मुलं लाइटसेबरचे आवाज काढून आपल्याला छळायची, असं त्यानं पुढे सांगितलं. रोझ झालेल्या केली मरी ट्रॅनला वंशावरून आणि दिसण्यावरून इतकं घाण लिहिलं गेलं की २०१८ मध्ये तिनं आपल्या इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. यांपैकी कुणीही पटकथा लिहिली नव्हती. चांगल्याचा वाईटावर विजय म्हणून ज्या सिनेमाला टाळ्या वाजवायच्या, त्याच्याच नावानं दहा वर्षांच्या पोराला रडवायचं, ही कसली फॅनगिरी?

आणि काळ निकाल बदलतो, हेही लक्षात ठेवा. १९८० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या व्हिन्सेंट कॅन्बीला ‘एम्पायर’ फारसा भावला नव्हता. आज तो पहिल्या नंबरावर. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ २०२५ मध्ये, वीस वर्षं झाली म्हणून पुन्हा लागला, तेव्हा लोकांनी गर्दी केली. जी पोरं २००५ मध्ये आईबापांचा हात धरून गेली होती, ती आता स्वतः तिकीट काढणारी झाली आहेत. आणि तोच अहमद बेस्ट २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ मालिकेत एका लहान पिल्लाला वाचवणारा जेडाय म्हणून आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोवीस वर्षांनी. त्या टाळ्या ऐकायला तो माणूस शिल्लक होता, हे आपलं नशीब.

तर माझी यादी, चांगल्याकडून वाईटाकडे : ५, ४, ८, ३, ६, ७, १, २, ९. आठवा तिसऱ्या नंबरावर बघून अर्ध्या हॉस्टेलचा माझ्यावर दात असणार, याची कल्पना आहे. या, भांडू. पटकथेवर बोला, दिग्दर्शनावर बोला, इवॉक्सवर तर रात्रभर बोला! फक्त माणसावर घसरू नका. आपल्या प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला एक्स्टर्नलनं आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच.