गणपती आणि आळीचा गण

‘गण’ म्हणजे समुदाय आणि गणपती हा त्याचा अधिपती. लोकमान्य टिळकांनी १८९३ नंतर या उत्सवाच्या सार्वजनिक रूपाचा पुरस्कार केला, तो समाज संघटित व्हावा म्हणूनच. परंतु विसर्जन होताच मंडप उतरतो आणि आळीचा गणही पांगतो.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या विहित केल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राने मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद केली. ती सभा भरावी, असा आग्रह धरणारे मात्र विरळाच.

२०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातील वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव येताच नाशिककर विरोधास उभे राहिले. ही जागृती स्तुत्यच. पण संकटसमयी जमलेला समुदाय संकट सरताच ओसरतो. प्रस्ताव कागदावर उतरण्यापूर्वीच विचारणा करणारी नित्याची सभा हवी.

म्हणून भाविकहो, यंदा अनंत चतुर्दशीनंतरही मंडळाची वही मिटू नका. दरमहा एकदा देवळाच्या सभामंडपात जमा. गटारे, निर्माल्य, गोदेचे पाणी यांचा विचार करा. माताभगिनींनाही त्यात मानाचे स्थान द्या आणि क्षेत्रसभेची लेखी मागणी करा. उत्तरपूजा मूर्तीची होते, कर्तव्याची नव्हे.