हुसेन आपले केव्हापासून झाले?

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांचे संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे, एज्युकेशन सिटी या विद्यापीठांच्या वसाहतीत उघडले. नाव 'लौह व कलम', म्हणजे पाटी आणि लेखणी. बोईसर-तारापूरच्या मोहल्ल्यांत मोबाईलवर मुबारकबादीचा पूर आला. आपल्या माणसाची कदर झाली म्हणे! आमचा सवाल एवढाच आहे, हा माणूस आपला केव्हापासून झाला?

१९९६ पासून त्यांच्यावर मोर्चे निघाले, खटले झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० साली कतारचे नागरिक झाले, २०११ साली लंडनमध्ये वारले आणि तिथल्याच मातीत गेले. हा दोष या देशाचा आहे आणि तो आपण नेमाने मोजून दाखवतो. पण २००४ चे काय? त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका गाण्यातील शब्दांवर मुस्लिम संघटनांनीच आक्षेप घेतला आणि चित्रपट थिएटरातून काढून घ्यावा लागला. तेव्हा हुसेन आपले नव्हते काय?

आमच्या अब्बांनी उमेदीची वर्षे दोहात वेल्डिंग केले. उद्घाटनाची दृश्ये त्यांनी आमच्या शेजारी बसून पाहिली आणि म्हणाले, "आम्ही तिथं पोटासाठी गेलो. हा एवढा मोठा माणूस, त्याला का जावं लागलं?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या शाळांत आहे.

आम्ही जिथे जिथे शिकवले तिथे चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि गणिताला दिला जातो. पालक म्हणतात, तस्वीर हराम. ठीक आहे, ज्यांचा तो अकीदा आहे त्यांच्या मुलांना माणसे काढायला लावू नका. पण खत्ताती, वेलबुट्टी, भूमितीची नक्षी ही तर आपलीच मिरास! ती तरी कुठे शिकवली जाते? हुसेन यांचा हातही लहानपणी खत्तातीवर बसला होता. आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी भिंतीवरची वारली कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली, त्यांचे नाव आपल्याच जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत किती मुलांना ठाऊक आहे?

दुनियादारीचा हिशोबही ऐका. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढून मिळतात. पर्सेंटेजसाठी ट्यूशनला हजारो रुपये मोजणारे आईबाप हे ७ गुण रंगपेटीअभावी सोडून देतात. २०२३ साली अभिमत विद्यापीठ झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट डहाणू लोकलच्या अंतरावर आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही. मुलांना हाजी अलीला नेता, तसे वर्षातून एकदा तिथेही न्या. सोबत आजी-आजोबांनाही घ्या.

दोहाने हुसेन यांना छप्पर दिले, त्यांचे आभार. पण पुढचा हुसेन बोईसरच्या एखाद्या चाळीत वहीच्या मागच्या पानावर आज काही रेघोट्या ओढत असेल, तर ते पान फाडू नका.