बाजारांतील बिनतारी यंत्र रणांगणावर जातें तेव्हां

आमचा नातू गेल्या महिन्यांत मित्रमंडळींबरोबर रतनगडावर जाऊन आला. परत आल्यावर त्यानें जें वर्णन केलें त्यांत ढग, कातळ आणि रानफुलें यांपेक्षां एकाच गोष्टीस अधिक जागा होती. ती ही कीं, अर्धी वाट चढतांच मोबाईल मुका झाला. "आजोबा," तो म्हणाला, "सरहद्दीवरच्या डोंगरांत तर टॉवरच नसतील, मग तिथले सैनिक एकमेकांशीं बोलतात कसे? आणि जिथं टॉवर आहेत तिथं ते आमच्यासारखाच मोबाईल कां नाहीं वापरीत? आमचा काय वाईट आहे?" पहिल्या प्रश्नास मीं कसेंबसें उत्तर दिलें. दुसऱ्यानें मात्र मला दोन रात्री जागें ठेविलें, आणि त्याच जागरणाचें फळ आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलें. विजेच्या विषयांत माझा अधिकार तो किती? तथापि एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. कांहीं उत्साही मंडळी संजयाच्या दिव्यदृष्टीचा दाखला देऊन बिनतारी विद्या आपल्याकडे पूर्वींच होती असें म्हणतात. मी संस्कृताचा अभिमानी आहें, पण त्या पंक्तींत बसत नाहीं. लोकप्रसिद्ध कथेंतला संजय पाहत होता आणि सांगत होता; कुरुक्षेत्रावर त्याला एक अक्षरहि परत पाठवितां येत नव्हतें. लष्कराला हवें असतें तें दोन्ही बाजूंनीं चालणारें बोलणें, आणि तेंहि चालत्या माणसाचें चालत्या माणसाशीं. सारी अडचण या 'चालत्या' शब्दांत आहे.

आपल्या हातांतला मोबाईल हें अर्धेंच यंत्र आहे. उरलेलें अर्धें म्हणजे तो टॉवर. तो जमिनींत रोवलेला असतो, त्याला वीज लागते, आणि तो तारांनीं किंवा दुसऱ्या लहरींनीं दूरच्या केंद्राशीं जोडलेला असतो. एकाच कातळावर बसलेले दोन मित्र एकमेकांस फोन करतात तेव्हां त्यांचें बोलणें आधीं टॉवराकडे जातें आणि तेथून फिरून येतें. नागरी जीवनांत ही योजना उत्तम. कारण गांव आपल्या जागेवरून हलत नाहीं. सैन्य मात्र हलतें, आणि टॉवर हा शत्रूला दुरूनहि दिसणारा खांब असल्यामुळें पहिला घाव त्याच्यावर पडण्याचा संभव असतो. म्हणून बाजारांतील यंत्र लष्करानें घ्यावयाचें म्हणजे त्यास हिरवा रंग फासून चालत नाहीं. त्याचें उरलेलें अर्धें अंगहि गाडींत घालून किंवा पाठीवर बांधून बरोबर न्यावें लागतें.

हें प्रथम मोठ्या प्रमाणावर झालें तें दुसऱ्या महायुद्धांत. अमेरिकेंत शिकागो येथें हॅलिक्राफ्टर्स नांवाची कंपनी हौशी बिनतारीवाल्यांसाठीं यंत्रें करीत असे. हे हौशी लोक रात्र रात्र जागून दूरदेशच्या अनोळखी माणसांशीं गप्पा मारणारे. त्यांच्या घरच्यांना त्यांचें काय वाटत असेल तें आमच्या घरच्यांना पुस्तकांविषयीं काय वाटतें त्यावरून ताडतां येईल. त्यांच्याकरितां कंपनीनें एच. टी. ४ नांवाचा एक दांडगा प्रक्षेपक बाजारांत आणला होता. लष्कराला चालत्या मोटारींतून शंभर मैलांवर बोलूं शकेल असें साधन हवें होतें, आणि नव्यानें घडविण्यास वेळ नव्हता. तेव्हां हाच प्रक्षेपक उचलून मोटारगाडींत बसविण्यांत आला. दिवाणखान्यांतील टेबलावर जन्मलेल्या या यंत्राला धक्के, धूळ आणि दमट हवा ठाऊक नव्हती. त्यासाठीं त्यांत बदल करावे लागले. घरांतील भिंतींतून मिळणारी वीज रणांगणावर कोठली? म्हणून मोटारीच्या मागें एक लहान गाडी जोडून तींत वीज निर्माण करणारें इंजिन ठेविलें. या सर्व संसाराला एस. सी. आर. २९९ असें नांव मिळालें आणि १९४२ सालीं उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेंत तो कामास लागला. प्रक्षेपक हौशी माणसाचा, मोटार बाजारांतली. नवें होतें तें त्यांना एकत्र नांदविण्याचें कौशल्य.

याच शिकागो शहरांत गॅल्विन नांवाच्या कंपनीनें १९३० पासून मोटारींत बसवावयाचे रेडिओ विकण्यास आरंभ केला होता. त्या रेडिओचें नांव मोटोरोला. पुढें कंपनीनेंहि तेंच नांव घेतलें. १९४० मध्यें डॅनियल नोबल हे प्राध्यापक तिच्याकडे आले. कनेक्टिकट संस्थानांतील पोलिसांच्या गाड्यांसाठीं त्यांनीं दुहेरी बोलण्याची व्यवस्था नुकतीच उभी केली होती, आणि तिचें वैशिष्ट्य असें कीं, ती कंपनसंख्येच्या चढउतारावर चालत असे. हें थोडें फोड करून सांगितलें पाहिजे.

गवई एकच स्वर कधीं हळू, कधीं मोठ्यानें लावतो असें समजा. जुन्या पद्धतींत आपलें बोलणें लहरीच्या या लहानमोठेपणांत भरलेलें असे. इंजिनांतील ठिणग्या आणि आकाशांतील वीज यांचा गोंगाट मुख्यतः लहानमोठेपणावरच हल्ला करतो. म्हणून मोटारींत बसून ऐकणाराच्या कानीं शब्दांपेक्षां खरखरच अधिक पडे. आतां असें समजा कीं, गवयानें आवाज सारखाच ठेविला आणि स्वर मात्र किंचित् वर किंचित् खालीं हलविला, आणि त्या हलण्यांतच सारा अर्थ भरला. मग बाहेरच्या गोंगाटानें आवाज वाढला काय किंवा घटला काय, ऐकणारा त्याकडे लक्षच देत नाहीं. तो फक्त स्वराचा चढउतार ओळखतो. पोलिसांच्या गाडींत जो गुण उपयोगी पडला तो रणगाड्यांच्या धडधडाटांतहि पडावा यांत नवल नाहीं.

या पद्धतीवर मोटोरोलाच्या मंडळींनीं पाठीवर बांधावयाचा संच बनविला, तोच एस. सी. आर. ३००, जगप्रसिद्ध वॉकी-टॉकी. वजन सुमारे १६ किलो, पल्ला साधारण ३ मैल. तो १९४३ पासून सैन्याच्या हातीं पडूं लागला. त्याच्या आधींचा हातांत धरावयाचा लहान संच अवघ्या ५ पौंडांचा होता, पण तो जुन्या पद्धतीचा असून त्याचा पल्ला जमिनीवर एखाद्या मैलाचा. १६ किलो म्हणजे धान्याचें लहानसें पोतें. तें पाठीवर घेऊन चिखलांतून धांवणाऱ्या त्या तरुणाकडे पाहिलें कीं, नातवाच्या खिशांतल्या मोबाईलचें कौतुक आणि त्याची कीव अशा दोन्ही भावना माझ्या मनांत एकदम येतात.

या कंपनसंख्येच्या विद्येचा जनक एडविन आर्मस्ट्राँग. त्याला १९३३ सालीं या पद्धतीचे हक्क मिळाले. युद्ध आलें तेव्हां त्यानें आपल्या देशाच्या लष्कराकडून या हक्कांबद्दल मोबदला घेतला नाहीं. व्यापारी कंपन्यांशीं मात्र त्याला वर्षानुवर्षें न्यायालयांत झगडावें लागलें. त्यांतच पैसा आणि प्रकृति दोन्ही झिजलीं, आणि १९५४ च्या जानेवारींत त्यानें आत्मघात केला. त्याच्या पत्नीनें, मॅरियननें, दावे सोडले नाहींत. एकामागून एक कंपन्या वांकल्या. शेवटपर्यंत ताठ राहिलेली कंपनी कोणती म्हणाल, तर मोटोरोला. तिच्याविरुद्धचा निकाल पक्का होण्यास १९६७ साल उजाडलें. ज्या विद्येवर वॉकी-टॉकी उभी राहिली तिचें ऋण मान्य करण्यास त्याच घरानें सर्वांत अधिक वेळ घ्यावा!

असो. आतां नातवाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतों. आजचें बाजारांतील यंत्र त्या काळच्या लष्करी यंत्राहून शतपट चतुर आहे, यांत संशय नाहीं. लष्करें त्यांतील चतुराई घेतात आणि टॉवरावरील अवलंबन काढून टाकण्याची खटपट करतात. एक उपाय असा कीं, प्रत्येक संचालाच लहानसा टॉवर करावयाचा. आग लागली असतां माणसांची ओळ लावून घागरी हातोहात पुढें देतात, त्याप्रमाणें एकाचा संदेश दुसऱ्यानें, दुसऱ्याचा तिसऱ्यानें पुढें द्यावयाचा. मधला एक पडला तर ओळ वाट बदलते. परंतु हें फुकट होत नाहीं. स्वतःचें एक वाक्य बोलणाऱ्या शिपायाची बॅटरी दुसऱ्यांची दहा वाक्यें वाहण्यांत संपते. आणि ओळ जितकी लांब तितकें बोलणें मंद. शत्रु गोंगाट करून लहरच बुजवून टाकतो, म्हणून एका लहरीवरून दुसरीवर सेकंदास कित्येक वेळां उड्या मारीत बोलावें लागतें. आपल्या कानांत बसणारें ब्लूटूथचें बोंडुकहि अशाच उड्या मारतें. पण तें शेजाऱ्याच्या यंत्राशीं टक्कर टाळण्यासाठीं, वैऱ्यापासून बचावण्यासाठीं नव्हे.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. मोबाईल आपण बोलत नसतांनाहि मधून मधून टॉवराला 'मी येथें आहें' असें कळवीत असतो. घरीं हा गुण. रणांगणावर हाच घात. १ जानेवारी २०२३ रोजीं युक्रेनांतील माकीव्का येथें रशियन सैनिक उतरले होते त्या शाळेच्या इमारतीवर अग्निबाण पडले. ८९ जण गेल्याचें रशियाच्या संरक्षण खात्यानें मान्य केलें, आणि बंदी असतां सैनिकांनीं मोबाईल वापरल्यामुळें शत्रूला ठिकाण कळलें, हें मुख्य कारण म्हणून सांगितलें. वर्षाचा पहिला दिवस; घरीं आईला, बायकोला शुभेच्छा देण्यासाठीं कोणी फोन उघडला नसेल? एवढीं माणसें एका छपराखालीं कोणीं ठेविलीं, हा प्रश्न तेव्हां रशियांतहि विचारला गेला, आणि मला तो रास्त वाटतो. मृतांवर दोष ठेवणें सोपें असतें. तरी 'आमचा काय वाईट आहे?' या प्रश्नाचें उत्तर मीं नातवाला याच घटनेनें दिलें. तो बराच वेळ बोलला नाहीं.

एक गोष्ट अजून राहिली, ती मालकीची. त्याच युद्धांत, फेब्रुवारी २०२२ मध्यें, युक्रेनच्या मंत्र्यानें विनंती करतांच स्टारलिंक या खाजगी उपग्रहसेवेचे संच कांहीं दिवसांतच तेथें पोंचले. टॉवर मोडले तरी आकाशांतील टॉवर मोडत नाहींत, म्हणून त्यांचा उपयोग अतोनात झाला. परंतु पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी २०२३ मध्यें, कंपनीच्या अध्यक्षा ग्वेन शॉटवेल यांनीं सांगितलें कीं, वैमानिकरहित विमानें चालविण्याच्या कामीं त्या सेवेचा वापर होऊं नये म्हणून कंपनीनें कांहीं उपाय योजिले आहेत. कंपनीची बाजू खोटी असें मी म्हणत नाहीं. आपली वस्तु कोणत्या कामास द्यावी हें ठरविण्याचा तिला हक्क आहे. पण चालू लढाईंत सेनापतीच्या तोंडचा शब्द कोठपर्यंत पोंचेल हें परदेशांतील दुकानदारानें ठरवावें, ही अवस्था पूर्वीं नव्हती. हॅलिक्राफ्टर्सनें विकलेला प्रक्षेपक विकल्यावर लष्कराचा झाला. आजचें यंत्र विकल्यावरहि त्याची दोरी विकणाराच्या हातीं राहते.

आपल्या सैन्यानें या बाबतींत मधला मार्ग धरलेला दिसतो. 'संभव' या नांवाचे पांचव्या पिढीचे मोबाईल संच अधिकाऱ्यांना देण्यांत आले. ते बाजारांतील जाळ्यावर चालतात, पण आंतील कुलपें सैन्याचीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें चीनशीं वाटाघाटी झाल्या त्या वेळीं हेच संच वापरले, असें लष्करप्रमुखांनीं जानेवारी २०२५ मध्यें सांगितलें. हें वाचून दाखवितांच नातवानें विचारलें, "पण आजोबा, त्यांचाहि मोबाईल रतनगडावर मुकाच होईल ना?" मीं म्हटलें, होईल, म्हणून तर पाठीवर संच घेऊन चालणारा शिपाई अजूनहि लागतो.