स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि निवडीचा विवेक

ज्या छत्तीसगडाने 1899-1900 च्या दुष्काळात अन्नान्न दशा भोगली, ज्याच्या खेड्यापाड्यांतून आजही अर्धपोटी बालके आणि रोडावलेल्या माता आढळतात, त्याच छत्तीसगडाच्या राजधानीत, आमच्या रायपुरात, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती आता नित्याच्या झाल्या आहेत. ही घटना प्रथमदर्शनी विसंगत वाटली, तरी ती आपल्या काळाचे यथार्थ चित्र आहे. कारण कुपोषण आणि स्थूलता ही दोन संकटे आज एकाच शहरात, क्वचित एकाच कुटुंबातही, शेजारी-शेजारी नांदत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातील सुमारे 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष अतिवजनाच्या अथवा स्थूलतेच्या वर्गात मोडले. त्यांतील फार थोड्यांनाच शस्त्रक्रियेची आवश्यकता आहे हे खरे; पण ज्यांना ती आहे, त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न सोपा नाही.

शस्त्रक्रिया करावी की न करावी, हा वाद योग्य रुग्णांपुरता बहुतांशी निकालात निघाला आहे. स्वीडनमध्ये 1987 साली आरंभ झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाने, शस्त्रक्रिया करवून घेतलेल्या स्थूल रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ती न करवून घेतलेल्या तशाच रुग्णांपेक्षा कमी असल्याचे 2007 साली दाखवून दिले. आणि अनुभवी हातांनी केलेल्या या शस्त्रक्रियांतील जिवाचा धोका आता पित्ताशय काढण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास येऊन पोहोचला आहे. अनिर्णित राहतो तो पुढचा प्रश्न, अनेक शस्त्रक्रियांपैकी कोणासाठी कोणती हा. माझे स्पष्ट मत असे आहे की, या प्रश्नाचा निर्णय रुग्णाच्या प्रकृतीवरून आणि त्याच्या पुढील आयुष्याच्या परिस्थितीवरून व्हावयास हवा असता, तो पुष्कळदा पॅकेजच्या रकमेवरून, नातलगांच्या अनुभवावरून आणि शल्यविशारदाच्या हातवळणावरून होतो; आणि हे रुग्णाच्या हिताचे नाही.

नागपूरचे नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करवून घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि एका लोकनेत्याच्या उदाहरणामुळे अनेक मराठी घरांतील या विषयीचा संकोच ओसरला, हा त्या वृत्ताचा मोठाच लाभ होय. परंतु अशा वृत्तांतून लोकांच्या स्मरणात राहतो तो किती किलो उतरले याचा आकडा. शस्त्रक्रिया कोणती होती, ती का निवडली गेली आणि तिच्यानंतर कोणती पथ्ये जन्मभर पाळावी लागतात, हा तपशील कोणाच्याही ध्यानी राहत नाही. मग रायपूरच्या तात्यापाऱ्यातला अथवा चौबे कॉलनीतला एखादा गृहस्थ डॉक्टरांपुढे बसतो तो, ‘अमक्यांची झाली तीच माझी करा’ एवढीच मागणी घेऊन.

म्हणून या शस्त्रक्रियांचे स्वरूप सामान्य वाचकाने समजून घेतलेच पाहिजे. जठराचा मोठा भाग व्रणापायी काढावा लागलेले रुग्ण पुढे रोडावतात, या जुन्या निरीक्षणाचा आधार घेऊन अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी 1966 साली जठराच्या बायपासचा पाया घातला. आज जो बायपास रूढ आहे, त्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटर अन्न मावेल एवढी लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे कापून, त्याचे एक टोक वर आणून त्या पिशवीला जोडतात. त्यामुळे अन्न उर्वरित जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. आतड्याची ही जुळणी स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. 1997 साली रॉबर्ट रुटलेज यांनी दोन जोडांऐवजी एकाच जोडावर भागणारी सुटसुटीत पद्धत प्रचारात आणली. तीच आपल्याकडे ‘मिनी बायपास’ या नावाने परिचित आहे. तिसरी पद्धत स्लीव्हची. तीत आतड्याला हात न लावता जठराचा पाऊण भाग अथवा त्याहून काहीसा अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. ही मुळात अतिशय वजनदार आणि जोखमीच्या रुग्णांवर करावयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेची केवळ पहिली पायरी होती; पण पुष्कळांचे काम या पायरीवरच भागते असे दिसल्यावर ती स्वतंत्र झाली आणि आज जगात सर्वाधिक केली जाणारी ठरली. जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसविण्याची चौथी पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. ती आता जवळपास मागे पडली आहे.

यांतील कोणती श्रेष्ठ, असा सरसकट प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची समोरासमोर तुलना करून रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. त्यात अतिरिक्त वजनापैकी स्लीव्हने सुमारे 43 टक्के, तर बायपासने सुमारे 52 टक्के वजन उतरलेले टिकून राहिले. पण अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी 31 टक्क्यांत आणि बायपास झालेल्यांपैकी केवळ 7 टक्क्यांत आढळला. याचा अर्थ उघड आहे. ज्याला पूर्वीपासून छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, त्याच्यावर तपासणीविना स्लीव्ह करणे म्हणजे एका व्याधीच्या मोबदल्यात दुसरी त्याच्या पदरात टाकणे होय. शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठर पाहिल्याखेरीज हा निर्णय करूच नये. मधुमेहाच्या बाबतीतही बायपासचे पारडे किंचित जड मानले जाते. तथापि ज्याचा मधुमेह फार जुना असून इन्शुलिनवर अवलंबून आहे, त्याला कोणतीही शस्त्रक्रिया औषधांपासून पूर्ण मुक्तीची हमी देऊ शकत नाही, हे त्याला आधीच सांगितले पाहिजे.

एवढ्यावरून बायपासचा कौल द्यावा, तर छत्तीसगडाची परिस्थिती हात आडवा घालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीप्रमाणे या राज्यातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या दर दहांपैकी सुमारे सहा स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे आहे. सिकलसेलचा आनुवंशिक विकार येथील अनेक समाजांत प्रचलित आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या कुटुंबांत ब 12 जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. बायपासमध्ये आतड्याचा जो भाग टाळला जातो, तेथेच लोह आणि कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर शोषले जाते. मिनी बायपासमध्ये हा टाळलेला भाग बहुधा अधिक लांब असल्याने पोषणाची तूटही अधिक संभवते. अशा स्त्रीवर बायपास करूच नये असे नाही; परंतु लोह, कॅल्शियम, ड आणि ब 12 जीवनसत्त्वे यांच्या गोळ्या वा इंजेक्शने जन्मभर घेण्याची आणि ठरावीक मुदतीने रक्त तपासून घेण्याची तिची व तिच्या घरच्यांची तयारी आहे काय, आणि तो खर्च त्यांना झेपेल काय, हे विचारल्यावाचून पुढे जाणे अनुचित होय. भाताचा घास हेच ज्याचे मुख्य अन्न, त्याला रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने डाळ, पनीर, अंडी यांतून मिळवावी लागतील, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावयाची असते; हा विषय संकोचापायी वगळणे पुढे महागात पडते.

यापुढचा मुद्दा अंतराचा. बायपासनंतर कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, पोटातील आतडे जोडामागच्या फटीत अडकून तीव्र वेदना सुरू होण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी जाणकार शल्यविशारदापर्यंत काही तासांत पोहोचणे प्राणरक्षणासाठी आवश्यक ठरते. रायपुरात राहणाऱ्याला टाटीबंधचे एम्स जवळ आहे. जगदलपूरचा रुग्ण मात्र राजधानीपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे, आणि त्याच्या गावच्या डॉक्टरने अशी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण कदाचित कधी पाहिलेलाही नसेल. म्हणून रुग्णाचा गाव कोणता, रात्री-अपरात्री त्याला कोण आणील, हे प्रश्न वैद्यकीय निर्णयाचाच भाग मानले पाहिजेत. जो विडी-सिगारेट सोडू शकत नाही, त्याला बायपासच्या जोडापाशी व्रण होण्याचा धोका अधिक. आणि ज्या प्रांतात दातांना तंबाखूयुक्त गुडाखू लावण्याची सवय घरोघर आहे, तेथे तंबाखूची चौकशी शिष्टाचार म्हणून न करता कसोशीने झाली पाहिजे.

रुग्णाच्या निवडीला आणखी एक बंधन पडते, ते विम्याचे. भारतीय तज्ज्ञांच्या 2009 च्या मतैक्याप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 37.5 असल्यास, अथवा सहव्याधी असताना 32.5 असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. कारण आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार जडतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तर आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवून दिलेल्या अटींत 40, अथवा गंभीर सहव्याधींसह 35, हेच आकडे राहिले. 155 सेंटिमीटर उंचीच्या मधुमेही स्त्रीचा विचार केला, तर तज्ज्ञांच्या मते तिचे वजन 78 किलो असताना जो उपचार विचारार्ह ठरतो, त्याचे पैसे विमा कंपनी 84 किलो झाल्यावाचून देण्यास बांधील नाही. या अटींची फेरतपासणी करून त्या भारतीय देहाला अनुरूप करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. 2025 साली भारतात उपलब्ध झालेल्या वजन उतरविण्याच्या नव्या इंजेक्शनांचाही पर्याय रुग्णापुढे प्रामाणिकपणे ठेवला पाहिजे. मात्र ती थांबविल्यावर वजन बहुधा परत चढते, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रायपूरच्या सर्व रुग्णालयांकडे माझे मागणे असे आहे की, शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णास हिंदी, छत्तीसगडी अथवा मराठी, जी त्याची भाषा असेल तीत, एक लेखी तपशील द्यावा. त्यात त्याच्यासाठी शक्य असलेल्या सर्व शस्त्रक्रिया, शिफारस केलेल्या शस्त्रक्रियेची कारणे, तिचे धोके, आणि पुढील पाच वर्षांचा औषधे व तपासण्यांचा अंदाजी खर्च नमूद असावा. आपल्याकडे किती रुग्णांवर कोणती शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी किती जण पाच वर्षांनंतरही तपासणीस येतात, हे आकडे रुग्णालयांनी जाहीर करावेत. जे रुग्णालय एकच शस्त्रक्रिया सर्वांना सुचविते, त्याच्याकडून रुग्णाने तसे का, याचे उत्तर मागावे. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी आपल्या सभागृहात आहारतज्ज्ञ, शल्यविशारद आणि ही वाट चालून गेलेले रुग्ण यांना एकत्र बोलावून लोकांच्या शंकांचे निरसन करावे. याहून उपयुक्त समाजकार्य थोडेच असेल.

आणि जे वाचक स्वतः या निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना एवढेच सांगावयाचे की, शस्त्रक्रियेला एक-दोन तास लागतात, पण तिची पथ्ये मरेपर्यंत पाळावी लागतात. म्हणून किती लवकर किती वजन उतरेल, हा प्रश्न मागे ठेवा. माझ्या अन्ननलिकेची स्थिती काय आहे, माझ्या रक्तात काय उणे आहे, माझ्या घरापासून मदत किती दूर आहे आणि दहा वर्षांनी माझी तपासणी कोण करील, हे चार प्रश्न विचारा. या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या शस्त्रक्रियेबाबत मिळतील तीच तुमची. आणि ती मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका.