पहिला रंधा

आमच्या कॉलेजातल्या पीयूच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पहिला रंधा कोणता घेऊ?" आजोबांची हत्यारांची पेटी माळ्यावर पडून होती, आणि यंदाच्या साफसफाईत ती भंगारात जाणार होती. म्हटले, आधी ती पेटी खाली उतरव.

आईचे म्हणणे वेगळे. "शिकूनसवरून पुन्हा रंधाच मारायचा का?" ज्या घराने या कामातून बाहेर पडण्यासाठी दोन पिढ्या घालवल्या, त्या घराचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी वाद घातला नाही. पेटी मात्र राहिली.

तीत लाकडी रंधा निघाला. आपण घरात रंधा म्हणतो आणि बडिगेरांच्या दारात हत्तरी, तोच. पाते पाचरीने आवळलेले, तळ झिजून तुकतुकीत. जपावा असा, पण शिकणाऱ्याने सुरुवात त्याने करू नये, असे माझे मत. पाते पुढे घ्यायला त्यावर हातोडीची टिचकी, मागे घ्यायला रंध्याच्या पाठीवर ठोका. केसाएवढा फरक हाताला कळायला वर्षे जातात. लोखंडी रंध्यात हेच काम एक पितळी चक्र करते. ही रचना अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीची. स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये तिचे हक्क घेतले, आणि जालंधरकडून आपल्याकडे येणारे रंधेही त्याच घाटाचे.

दुकानात चार नंबर (साधारण ९ इंची) आणि पाच नंबर (१४ इंची) पुढ्यात येतील. छोटा हातात गोड वाटतो, तरी पाच नंबरच घ्या. लांब तळ उंचवट्यांवर टेकून आधी तेवढेच कापतो. छोटा खळग्यात उतरतो. फळी गुळगुळीत दिसते, सरळ होत नाही. तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. फट दिसली तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

ऑइलस्टोनपुरते पैसे राखून ठेवा, कारण नवे पाते कापायला तयार नसतेच. २५ अंशांच्या उताराच्या टोकाला ३० अंशांची बारीक धार द्यावी लागते. आमच्या भागातले जुने बडिगेर पोरांना एवढेच सांगत, "मोद्ल मसी, आम्याल उज्जु."

दांडेलीच्या सागवानाला लगेच हात लावू नका. पॅकिंगच्या खोक्याची फळी घ्या, खिळे काढा. करकर आवाज येऊन लाकूड उचकटू लागले, तर फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून रंधा मारा.